पोकळ

मला नाचातलं काही कळत नाही.
मला जमिनीतलं कळतं.
सत्तावीस वर्षं लाद्या बसवतोय,
डिचोलीपासून दोनापावलापर्यंत
लोक चालतात त्यातल्या बऱ्याच जमिनी
माझ्या गुडघ्यांनी मोजलेल्या आहेत.

म्हणून दुर्वा जेव्हा म्हणाली, बाबा, मला बॅले शिकायचंय,
तेव्हा प्रमिलाने विचारलं, फी किती,
शेजारच्या गावसांनी विचारलं, आपलं भरतनाट्यम काय वाईट,
आणि मी विचारलं,
खाली काय आहे?

पहिला वर्ग पणजीत, तिसऱ्या मजल्यावर.
थंड हवा, भिंतभर आरसा,
आरशात मी, चपला हातात घेतलेला.
मॅडम छान बोलल्या. परीक्षा, सर्टिफिकेट, डिसेंबरात स्टेज.
सहा महिन्यांत बोटांच्या टोकावर उभी करू,
गुलाबी बूट आमच्याकडेच मिळतात.
मी खाली बसलो, बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं.
व्हिट्रिफाइड, दोन बाय दोन, खाली गच्च सिमेंट.
एकही लादी बोलली नाही.
असं काम मी केलं असतं
तर मालकाकडे हक्काने चहा मागितला असता.
पण यावर सात वर्षांची पोर
रोज शंभर वेळा उडी मारणार
आणि जमीन तिच्यासाठी केसभरही हलणार नाही.

दुसरा म्हापशात, बँकेच्या वर.
गालिचा होता.
गालिच्याखाली काय, ते सरांनाही ठाऊक नव्हतं.
कोपऱ्यात ओल होती.
आम्ही तार नदीवरच्या पुलाजवळ
भजी खाऊन परत आलो.

हळदोण्याला बस चढणीखालीच सोडते.
क्लबचा जुना हॉल, भिंतीला टेकवलेली हाउजीची टेबलं,
फुटबॉलचे कप, त्यातल्या एकात छत्री.
मिस ओलिंदा सत्तरीच्या, पायात सपाता.
फीबद्दल बोलल्याच नाहीत.
पोर झोपते किती, ते विचारलं.
टोकाचे बूट बाराच्या आधी नाहीत,
बारानंतरही मी पाहीन, म्हणाल्या,
हाडं पिकू दे, पात्राव,
कार्बाइड घालायला तो काय मानकुराद आहे?

वर्ग चालू होता. आम्ही बाकावर.
कोणाच्या घोट्याला हात लावण्याआधी
त्या विचारत होत्या, लावू?
एक पोरगा नको म्हणाला.
त्यांनी स्वतःचा घोटा वळवून दाखवला.

मग मी वाजवून पाहिलं.
फणसाच्या फळ्या, पावलांनी काळ्या पडलेल्या.
धुम्म.
पुन्हा, जरा पुढे. धुम्म.
पोकळ.

माझ्या धंद्यात हा आवाज आला
की लादी उखडायची, मजुरी कापायची.
सत्तावीस वर्षं मी हा आवाज
फक्त मारायला शोधलाय.
मिस ओलिंदा म्हणाल्या, खाली आडव्या पट्ट्या,
पट्ट्यांखाली नुसती हवा.
माणूस वरून येतो तेव्हा
जमिनीनंही थोडं खाली यायला नको?

मी काही बोललो नाही.
माझे गुडघे बोलले, उठताना.
त्यांनी ऐकलं. मोठ्यांचा वर्ग शनिवारी असतो, म्हणाल्या,
एक निवृत्त तारवटी येतो, पोस्टातली एक बाई,
कठडा धरून हळूहळू वाकतात. एवढंच.
मी हसलो. कठडा तेवढा पाहून ठेवला.
सागवान. जोड नीट.

परतीची बस सहा दहाची, ती चुकली तर,
प्रमिला अजून विचारते आहे.
गावसांकडे याचं उत्तर आहे पण ते भरतनाट्यमच्या बाजूचं.
दुर्वा ओट्याला धरून टाचा जुळवते,
आमच्या घरात, मी बसवलेल्या लादीवर.
मी तिच्या पायांखाली गोधडी सरकवतो.
ती लाथेने बाजूला करते.

रविवारी हातोडी घेऊन हळदोण्याला जायचंय.
दारापासून चौथ्या फळीवर
एक खिळा डोकं वर काढून आहे.
फीचं त्यानंतर बोलू, म्हणाल्या.